हैदराबादचे क्लोरोफॉर्म कमिशन

सोलापूर, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद असे टप्पे घेत हैदराबादेत येणारा राजरस्ता शहरात शिरतो तो मियापूर आणि कुकटपल्लीवरून. ज्या मराठी घराण्यांचे हैदराबाद सुलतान बाजार, बडी चावडी, गौळीगुडा आणि काचीगुडा एवढ्यात सामावलेले होते, त्यांच्या लेखी कुकटपल्ली हे वाटेवरचे एक खेडे होते. १९६१ मध्ये केंद्र सरकारने सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिचा रासायनिक औषधांचा कारखाना कुकटपल्लीला लागून बालानगर भागात उभा राहिला. ‘आयडीपीएल’ या नावाने सर्वतोमुखी झालेल्या या कारखान्यात अनुभव घेतलेल्या रसायनशास्त्रज्ञांनी पुढे भोवताली स्वतःचे उद्योग काढले. हैदराबादला औषधनिर्मितीचे शहर म्हणून जी ख्याती लाभली, तिचा आरंभ सामान्यतः येथून सांगितला जातो.

परंतु औषध तयार करणे ही एक विद्या आहे, आणि तयार झालेले औषध शरीरात शिरल्यावर नेमके काय करते हे जाणणे ही दुसरी. या दुसऱ्या विद्येशी हैदराबादचे नाते आयडीपीएलहून ७२ वर्षांनी जुने आहे. १८८९ च्या हिवाळ्यात मुसी नदीकाठच्या या शहरात एका औषधाच्या क्रियेविषयी जो शोध घेतला गेला, त्याची वार्ता लंडन आणि एडिंबराच्या वैद्यकवर्तुळात अहमहमिकेने वाचली गेली. त्या शोधातून निघालेला निष्कर्ष पुढे अपुरा ठरला. तरीही, किंबहुना त्यामुळेच, तो इतिहास आठवण्याजोगा आहे.

‘लागू पडणे’ आणि ‘मानवणे’

औषधाविषयी बोलताना मराठी भाषा दोन क्रियापदे वापरते. औषध ‘लागू पडते’ आणि औषध ‘मानवते’. पहिल्यात औषध आणि विकार यांचा सांधा जुळणे अभिप्रेत आहे, तर दुसऱ्यात ते औषध घेणाऱ्याची प्रकृती. औषध लागू पडूनही मानवले नाही, असे आपण सहज म्हणतो. औषधाचा परिणाम हा केवळ औषधाच्या ठायी नसून औषध, शरीरातील त्याचे स्थान आणि त्या वेळची शरीराची अवस्था या तिहींच्या भेटीत असतो, ही जाण या दोन शब्दांत आहे.

आयुर्वेदानेही द्रव्याच्या क्रियेचा विचार रस, वीर्य, विपाक अशा पायऱ्यांनी केला आणि या पायऱ्यांनी जिचा उलगडा होत नाही अशा क्रियेला चरकाने ‘प्रभाव’ असे वेगळे नाव दिले. दोन द्रव्ये चवीने व गुणाने सारखी असूनही एक रेचक ठरते आणि दुसरे ठरत नाही, तेव्हा तो पहिल्याचा प्रभाव. हे नाव अचूक आहे, पण नाव म्हणजे उलगडा नव्हे. एकोणिसाव्या शतकात युरोपातील वैद्यकाला प्रयोगाची साधने हाती आल्यावर या ‘प्रभावा’च्या आत डोकावता येईल असा विश्वास वाटू लागला. त्या विश्वासाची पहिली मोठी कसोटी क्लोरोफॉर्मने पाहिली.

भूल आणि मृत्यू

१८४६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील बोस्टन येथे ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया करण्यात आली. पुढच्याच वर्षी, १८४७ च्या नोव्हेंबरात, एडिंबराच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म पुढे आणले. ते वासाला गोड, देण्यास सोपे आणि त्वरित परिणाम करणारे होते. उष्ण प्रदेशात तर ईथरपेक्षा तेच सोयीचे, कारण ईथर लवकर उडून जातो आणि पेटही घेतो. हिंदुस्थानातील लष्करी व मुलकी दवाखान्यांत क्लोरोफॉर्मचा प्रसार झपाट्याने झाला.

पण २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची १५ वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्याच्या किरकोळ शस्त्रक्रियेत क्लोरोफॉर्म देताच दोन-तीन मिनिटांत मरण पावली. त्यानंतर अशा वार्ता येतच राहिल्या. त्यांतील चमत्कारिक गोष्ट अशी की, मरणारे रोगी पुष्कळदा धडधाकट असत, शस्त्रक्रिया क्षुल्लक असे, आणि मृत्यू भूल पूर्ण चढण्यापूर्वीच येई.

क्लोरोफॉर्म माणसाला मारते ते कोणत्या वाटेने? या प्रश्नावर दोन पक्ष पडले. लंडनकडील पक्षाचे म्हणणे असे की, ते हृदयावर घाला घालते. म्हणून भूल देणाऱ्याने नाडीवरचे बोट काढू नये. एडिंबराकडील पक्षाचे म्हणणे असे की, आधी श्वास थांबतो आणि हृदय मागाहून बंद पडते. म्हणून लक्ष ठेवायचे ते श्वासावर. एडिंबराचे शल्यविशारद जेम्स साइम यांनी आपल्या शिष्यांना हीच शिकवण दिली होती. वाद वरकरणी तात्त्विक दिसला तरी शस्त्रक्रियेच्या मेजावर निजलेल्या माणसाच्या दृष्टीने तो जीवनमरणाचा होता. भूल देणाऱ्याने कशाकडे पाहायचे, हे त्याच्या उत्तरावर ठरणार होते.

अफझलगंजचा दवाखाना

साइम यांचे एक शिष्य एडवर्ड लॉरी हे हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन होते. १८४६ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबाद मेडिकल स्कूलचे ते प्रमुखही होते आणि अफझलगंजच्या दवाखान्यात त्यांची शस्त्रक्रिया चाले. गुरूची शिकवण त्यांनी व्रतासारखी पाळली. आपल्या हाताखालच्या विद्यार्थ्यांना त्यांनी रोग्याच्या श्वासाकडे क्षणभरही दुर्लक्ष न करण्याची शिस्त लावली आणि नाडी पाहण्याची मुळीच गरज नाही असे बजावले. या पद्धतीने हजारो रोग्यांना निर्धोक भूल दिल्याचा त्यांचा दावा होता. याच परंपरेत शिकलेल्या डॉ. रूपाबाई फर्दूनजी या जगातील आद्य स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जातात.

१८८८ मध्ये लॉरी यांच्या पुढाकाराने सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने पहिले क्लोरोफॉर्म कमिशन नेमले. कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून श्वास नेहमी हृदयाच्या आधी थांबतो, असा निष्कर्ष निघाला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने त्यावर अविश्वास दाखवला. दूरच्या एका संस्थानातील हे प्रयोग युरोपातील प्रयोगशाळांचे निष्कर्ष कसे खोडणार, असा त्याचा सूर होता. त्यावर निजाम सरकारने दिलेले उत्तर मानी होते. ‘लॅन्सेट’ने स्वतःचा तज्ज्ञ हैदराबादेत पाठवावा, त्यासाठी १००० पौंड देऊ, असे त्यांनी कळवले.

‘लॅन्सेट’ने निवडले थॉमस लॉडर ब्रंटन यांना. औषधांच्या क्रियेचा शोध घेणाऱ्या शास्त्राच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते. १८६७ मध्ये, ऐन तरुणपणी, त्यांनी हृदयशूळाच्या रोग्यांना अमिल नायट्राइट हुंगवून आराम दिला होता. हा योगायोग नव्हता. कळ येते तेव्हा रक्तदाब चढतो असे त्यांनी पाहिले, हे द्रव्य रक्तदाब उतरवते हे त्यांना ठाऊक होते, आणि त्या दोन गोष्टींची त्यांनी सांगड घातली. असा माणूस हैदराबादेत आला तो लंडनच्या मताकडे झुकलेला होता.

१८८९ च्या ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत दुसऱ्या कमिशनचे काम चालले. अध्यक्ष लॉरी, आणि सभासदांत ब्रंटन यांच्यासह डॉ. बॉमफोर्ड व डॉ. रुस्तमजी. कुत्री, माकडे, घोडे, शेळ्या, मांजरे व ससे यांच्यावर मिळून सुमारे ६०० प्रयोग झाले. पैकी दीडशेच्या आसपास प्रयोगांत रोहिणीतील रक्ताचा दाब यंत्राने टिपला गेला. रोहिणीला जोडलेली नळी एका लेखणीला हलवी आणि फिरत्या कागदावर दाबाचा आलेख उमटे. हे आलेख छायाचित्रे काढून जतन केले गेले. इतक्या मोठ्या प्रमाणावर एकाच औषधाची अशी मोजदाद त्या काळात क्वचितच झाली असेल. त्यासाठी इतक्या मुक्या प्राण्यांचे बळी गेले, हेही नमूद केले पाहिजे.

ब्रंटन यांचे मत पालटले. धोका आहे तो गुदमरण्याचा किंवा मात्रा अधिक होण्याचा, हृदयावर क्लोरोफॉर्मचा थेट घाला मुळीच नाही, अशा आशयाची तार त्यांनी लंडनला पाठवली. १८९० च्या जानेवारीत अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. हैदराबादने वाद जिंकला असेच तेव्हा दिसले.

जे पाहिले आणि जे निसटले

आता या निष्कर्षाचे मोल कसे करावे? त्यातील एक बाजू निःसंशय खरी होती. क्लोरोफॉर्मची मात्रा वाढवत नेली की मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनाचे केंद्र मंदावते आणि श्वास थांबतो. जीभ मागे पडून वा हनुवटी झुकून घशाची वाट बंद झाली, तरी रोगी गुदमरतो. भुलेतील मृत्यूंत ही कारणे प्रमुख होती. त्यामुळे श्वासावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणाऱ्या लॉरी यांच्या शिष्यांच्या हातून अपघात कमी घडावेत, यात नवल नाही.

दुसरी बाजू मात्र निसटली. १८९३ मध्ये केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोअर यांनी मेंदूकडे जाणारे व हृदयाकडे जाणारे रक्त वेगळे करून प्रयोग केले. क्लोरोफॉर्म केवळ मेंदूत पोचवले तर रक्तदाब पडत नाही, हृदयात पोचवले तर पडतो, असे त्यांना आढळले. म्हणजे हैदराबादच्या आलेखांत दाबाची जी उतरती रेघ सर्वांना दिसली होती आणि जी निरुपद्रवी म्हणून बाजूला ठेवली गेली होती, ती हृदयाचीच दुर्बलता होती. आलेख खोटे नव्हते. त्यांचे वाचन एकांगी होते.

तरीही भूल पूर्ण चढण्याआधी धडधाकट माणूस एकाएकी का मरतो, याचे उत्तर उरलेच. ते १९११ मध्ये ए. गुडमन लेव्ही यांनी दिले. मांजरांना क्लोरोफॉर्मची हलकी भूल देऊन त्यांनी अ‍ॅड्रेनॅलिन टोचले. तत्क्षणी हृदयाचे खालचे कप्पे लयीत आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागले. थरथरणारे हृदय रक्त पुढे ढकलू शकत नाही. मृत्यू काही क्षणांचा प्रश्न उरतो. भूल गाढ असता मात्र हा प्रकार सहसा घडला नाही. क्लोरोफॉर्म हृदयाच्या स्नायूला अ‍ॅड्रेनॅलिनविषयी हळवे करून ठेवते, आणि भय वा वेदना यांनी ग्रासलेल्या माणसाच्या रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन त्याचे शरीर स्वतःच ओतत असते.

येथे वाचकाने थोडे थांबावे. हॅना ग्रीनरच्या मृत्यूच्या कारणाविषयी अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. परंतु ती भ्यालेली होती आणि खुर्चीत बसताना रडत होती, ही नोंद आहे. सावधगिरी म्हणून हलक्या हाताने दिलेली, अधूनमधून थांबवलेली भूल हीच कधी कधी घातक ठरत होती. अफझलगंजच्या प्रयोगशाळेत शेकडो प्राण्यांना मुख्यतः मात्रा वाढवत नेऊन पाहिले गेले. शस्त्रक्रियेच्या खोलीत नेमके उलटे घडत असे: मात्रा थोडी आणि मन भयाने व्याकूळ. कमिशनने विचारले, ‘हे औषध शरीराच्या कोणत्या अवयवावर काम करते?’ विचारायला हवे होते, ‘कोणत्या मात्रेत, कोणत्या अवस्थेतील शरीरावर?’ औषध तेच असून भ्यालेल्या माणसाला मानवत नाही, ही आपल्या भाषेला ठाऊक असलेली गोष्ट ६०० प्रयोगांच्या चाळणीतून निसटून गेली.

त्याची किंमत रोग्यांनी मोजली. नाडी पाहू नका, हा उपदेश अहवालाच्या भारदस्तपणामुळे दूरवर मान्य झाला, आणि क्लोरोफॉर्मचे मृत्यू विसाव्या शतकातही चालू राहिले. अखेर अधिक सुरक्षित द्रव्ये आल्यावर ते शस्त्रक्रियागृहातून हद्दपार झाले. आज भूलतज्ज्ञ श्वास, नाडी, रक्तदाब आणि हृदयाचा विद्युत् आलेख असे सारे एकाच वेळी पाहतो. लंडन आणि एडिंबरा यांचा वाद दोघांनाही मान देऊन मिटला.

कुलूप आणि किल्ली

अवयवाकडून शास्त्राची दृष्टी पुढे पेशीकडे वळली. केंब्रिजचेच जॉन लँगली यांनी १९०५ मध्ये असे मांडले की, स्नायूच्या पेशीत औषधाला धरून ठेवणारा एक विशिष्ट पदार्थ असावा. जर्मनीत पाउल एर्लिख याच दिशेने विचार करीत होते. या ‘ग्राही’च्या कल्पनेने औषधविज्ञान पालटून टाकले. औषध म्हणजे किल्ली आणि ग्राही म्हणजे कुलूप. काही किल्ल्या कुलूप उघडतात. काही नुसत्या अडकून बसतात आणि खऱ्या किल्लीला आत येऊ देत नाहीत. १९४८ मध्ये रेमंड आल्क्विस्ट यांनी अ‍ॅड्रेनॅलिनची कुलपे दोन प्रकारची असल्याचे दाखवून त्यांना अल्फा आणि बीटा अशी नावे दिली.

या शोधाचे अत्यंत हृद्य फळ महाराष्ट्रात, कोकणातील महाडच्या परिसरात मिळाले, आणि ते मिळवणारे डॉक्टर मूळचे आपल्या जुन्या हैदराबाद राज्यातील मराठवाड्याचे. जालना जिल्ह्यातील देहेड या गावचे डॉ. हिम्मतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करीत असताना लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावताना पाहत होते. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब आणि शेवटी फुप्फुसांत पाणी, हा क्रम त्यांनी रोग्याच्या उशाशी बसून टिपला. विंचवाचे विष मज्जातंतूंना चेतवत राहते आणि शरीरात अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर लोटतो. रक्तवाहिन्या आवळतात आणि त्या अडथळ्याविरुद्ध झगडणारे हृदय थकते. लेव्ही यांच्या मांजरांना ज्या द्रव्याने मारले, त्याचाच हा दुसरा अवतार.

विष बाहेर काढता येत नव्हते, पण अल्फा ग्राहीचे कुलूप अडवता येत होते. रक्तदाबावर वापरले जाणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध नेमके तेच करते. त्याचा उपयोग डॉ. बावस्कर यांनी १९८६ मध्ये त्याच ‘लॅन्सेट’मध्ये मांडला, ज्याने शंभर वर्षांपूर्वी हैदराबादच्या प्रयोगांवर शंका घेतली होती. प्राझोसिनपूर्वी गंभीर दंशाचे शेकडा २५ ते ३० रोगी दगावत. नंतर हे प्रमाण शेकडा ४ च्या आत आले. पुढे प्रतिविष उपलब्ध झाल्यावर त्यांनी प्राझोसिनच्या जोडीला त्याची महाडला पद्धतशीर चाचणी केली आणि दोन्ही मिळून दिल्यास रोगी लवकर बरा होतो, हे २०११ मध्ये प्रसिद्ध केले. बावस्करांनी रोग्याची त्या क्षणाची अवस्था हाच पुरावा मानला. कमिशनला जी वाट सापडली नाही ती हीच.

पुन्हा त्याच रस्त्यावर

आता परत कुकटपल्लीकडे येऊ. मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात शिकून आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत संशोधन करून के. अंजी रेड्डी आयडीपीएलमध्ये रुजू झाले. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थाऐवजी केवळ कृतीला संरक्षण दिल्यामुळे भारतीय रसायनशास्त्रज्ञांना नव्या कृतीने जुनी औषधे स्वस्तात करता आली. १९८४ मध्ये रेड्डी यांनी स्वतःच्या नावाची कंपनी काढली आणि पुढे मियापूरला संशोधनसंस्था उभारली. तेथे प्रश्न बदलला. दुसऱ्याचे औषध कसे बनवावे याऐवजी, शरीरातील एखाद्या कुलपाला बसणारी नवी किल्ली कशी घडवावी, असा तो झाला.

मधुमेहात इन्शुलिनला दाद न देणाऱ्या पेशींच्या केंद्रकात एक ग्राही आहे. त्याला चेतवले की पेशी पुन्हा इन्शुलिनचे ऐकू लागतात. त्यासाठी मियापूरला घडवलेले बालाग्लिटाझोन हे द्रव्य १९९७ मध्ये डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीने पुढील विकासासाठी घेतले. भारतीय प्रयोगशाळेतील नव्या रेणूला परदेशी कंपनीने असे स्वीकारण्याची ही आरंभीची घटना. पाठोपाठ रागाग्लिटाझार गेले. पण २००२ मध्ये, माणसांवरील चाचण्या बऱ्याच पुढे गेल्या असता, उंदरांच्या मूत्राशयात गाठी आढळल्या आणि काम थांबवण्यात आले. किल्ली हव्या त्या कुलपाला बसली होती, पण कुलपे शरीरात ठिकठिकाणी होती. बालाग्लिटाझोनही अखेर बाजारात आले नाही.

या घटनेकडे अपयश म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. कमिशनच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहिले तर ती वेगळी दिसते. १८८९ मध्ये आलेखातील उतरती रेघ दिसूनही गैरसोयीची म्हणून दुर्लक्षिली गेली. २००२ मध्ये उंदरांच्या मूत्राशयातील गाठी तेवढ्याच गैरसोयीच्या होत्या, आणि त्यांच्यामागे कितीतरी अधिक पैसा अडकला होता; तरी त्या मानल्या गेल्या. ते औषध पुढे कोणत्याही रोग्याच्या हाती पडले नाही.

अफझलगंजचा जुना दवाखाना २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसीच्या महापुरात गेला. त्याच्या जागी उस्मानिया दवाखाना उभा राहिला. आयडीपीएल १९९२ मध्ये ‘आजारी उद्योग’ म्हणून घोषित झाला आणि पुढे त्याची उत्पादने बंद पडली. वास्तू जातात. हैदराबादच्या कमिशनने मागे ठेवले ते जतन केलेले आलेख आणि छापून खुला केलेला अहवाल. त्यांच्या आधारेच इतरांना त्याचा निष्कर्ष तपासता आला आणि दुरुस्तही करता आला. औषध कोठे लागू पडते हे शोधण्याची जिद्द या शहराने दाखवली. ते कोणाला, केव्हा आणि किती मात्रेत मानवते, हा उरलेला अर्धा प्रश्न मात्र प्रत्येक नव्या औषधाबरोबर आणि प्रत्येक रोग्यापाशी नव्याने विचारावा लागतो.